क्लूनफाराच्या बायका आणि आपली पालखी

अबुधाबी,
मंगळवार, ४ फेब्रुवारी २०२५

प्रिय दादा,

वाकून नमस्कार. कंबर अजून वाकते आहे, तेव्हा नमस्कार खरा आहे. वहिनीला सांग, तिनं पाठवलेली आमसुलं पोचली आणि संपतही आली, कारण सोलकढी केली की सगळा मजला आमच्याकडे जमतो. तुझा गुडघा कसा आहे? जिना चढायची परवानगी डॉक्टरनं दिली का, की तू स्वतःची स्वतःच घेतलीस?

आम्ही सगळे बरे. डब्यांचं काम जोरात आहे. जहांआरा पोळ्या करते, मी भाज्या बघते, निखिलचे बाबा हिशेब बघतात आणि आम्हा दोघींना सूचना देतात. सकाळी धुकं इतकं पडतं की मुझम्मिल डब्यांची गाडी अगदी रांगत नेतो आणि ऑफिसांतून फोन येतात, नाश्ता कुठे आहे म्हणून. हाच मुझम्मिल पुढच्या मंगळवारी घरी निघालाय. रमजानच्या आधी पोचायचं आहे त्याला. त्याचं गाव खाडीपलीकडे, तेव्हा हे पत्र तो तुझ्या हातात आणून देईल. त्याला चहा पाज, नुसता उंबऱ्यावरून परत पाठवू नकोस.

पत्र कशाला, फोन आहे की, असं म्हणशील. फोनवर आपण दोघं पाचव्या मिनिटाला भांडतो. पत्राचा मोठा फायदा हा की तुला मधे बोलता येत नाही.

रविवारी तू जे सांगितलंस ते इथे पुन्हा मांडते, म्हणजे माझ्या समजण्यात चूक नको. शिमग्याला पालखी देवळातून उठते तेव्हा पुढचा उजवा खांदा आपल्या घराचा. आधी आबांच्या वडलांचा, मग आबांचा, मग तुझा. तुझ्या गुडघ्यामुळे गेली दोन वर्षं आपल्या घरातून कुणी गेलं नाही आणि गावकीनं त्या जागी वरच्या आळीतला माणूस उभा केला. यंदाही आपला खांदा आला नाही तर मान वरच्या आळीकडे जाणार आणि तिकडेच राहणार. तू सभेत उठून सांगून टाकलंस, "माझा भाचा येतोय अबुधाबीहून." गावकी म्हणाली, भाचा चालेल. मग तू मला फोन केलास. आधी शब्द दिलास आणि मग विचारलंस. हे तुझं लहानपणापासूनचं आहे.

निखिलचं सांगतेच. पण आधी ग्रानियाचं सांगते, कारण गेले आठ दिवस या घरात दुसरा विषय नाही.

ग्रानिया म्हणजे आमच्या समोरच्या फ्लॅटमधली आयरिश मुलगी. तिशी ओलांडलेली, इथल्या एका शाळेत गणित शिकवते. हाडापेरानं मजबूत, आवाज आपल्या बायजाकाकूसारखा, तीन घरं पलीकडे पोचणारा. थालीपीठ जॅम लावून खाते. सुरुवातीला मी डोळे मिटून घ्यायचे, आता काही बोलत नाही. तिचं गाव क्लूनफारा. एक चर्च, एक शाळा, तीन पब आणि एक फुटबॉल क्लब, एवढंच गाव. फुटबॉल म्हणजे तू टीव्हीवर बघतोस तो नव्हे, त्यांचा स्वतःचा वेगळा. चेंडू हातात घेऊन पळायचं, मधूनच लाथ मारायची, आणि आडवा येईल त्याला खांद्यानं ढकलायचं. पंधरा जणांचा संघ. आणि नियम असा की ज्या गावात जन्मलास त्याच गावाकडून खेळायचं. शेजारचं गाव कितीही चांगलं खेळू दे, तिकडे जायचं नाही. कुणी गेलाच तर त्याच्या घरी लग्नाला कोण जेवायला येणार, असा प्रश्न पडतो म्हणे. म्हणजे तिथेही गावकीच, फक्त चेंडूभोवती बसलेली.

क्लबला सव्वाशेहून जास्त वर्षं झाली. सुरू केला एका लोहारानं आणि एका पाद्र्यानं, आणि दोघांचं एकमेकांशी पटत नव्हतं. मैदान नव्हतं. टॅन्सी नावाच्या एका विधवा बाईनं आपलं शेत दिलं, पण बाई पक्की. तिनं कागदावर दोन अटी घातल्या. एक, आठवडाभर तिथे तिच्या गाई चरणार. दोन, दर वर्षी क्लबच्या नावानं या मैदानावर निदान एक सामना झाला पाहिजे. ज्या वर्षी होणार नाही त्या वर्षी शेत तिच्या वारसांना परत. गाई गेल्या, बाई गेली, दुसरी अट अजून आहे.

ग्रानियाला हा सगळा इतिहास तोंडपाठ. १९३१ साली पहिला कप मिळाला. कप्तान तो मिरवत होडीतून तळ्यापलीकडच्या घरी निघाला, हातात कप धरून उभा राहिला आणि कपासकट पाण्यात पडला. दोघांनाही गळ टाकून बाहेर काढलं. कपाला एका अंगाला पोचा आहे आणि तो कुणी ठोकून सरळ करू देत नाही. १९४६ साली कप्तानपणावरून दोन सख्खे भाऊ भांडले. निम्मा संघ एकाकडे, निम्मा दुसऱ्याकडे. सामन्याच्या दिवशी आठच जण उतरले आणि शेजारच्या ड्रमलारानं त्यांना धुऊन काढलं. ड्रमलारावाले अजूनही ती गोष्ट काढतात. मला ऐकताना आपली वरची आळीच दिसत होती. मी म्हटलं, "हे गाव मला माहीत आहे." ती म्हणाली, "तुम्ही कधी आलात आयर्लंडला?"

आता त्यांची पंचाईत अशी आहे की गावात पोरंच राहिली नाहीत. कुठे गेली? इथे आली. क्लूनफाराचा निम्मा संघ अबुधाबीत आणि दुबईत मास्तर आहे, इंजिनियर आहे, बँकेत आहे. शनिवारी इथल्या बागेत हीच पोरं सराव करतात, मग माझ्याकडे येऊन मिसळ खातात आणि डोळे पुसतात. तिथे गावात पंधरा जण उभे राहत नाहीत. म्हणून कमिटीनं ठरवलंय की क्लब ड्रमलारात विलीन करायचा. त्या ड्रमलारात! येत्या शनिवारी गावच्या हॉलमध्ये सभा आहे. जो समोर हजर असेल आणि हात वर करेल त्याचंच मत. फोनवर नाही, स्क्रीनवर नाही.

ग्रानियानं इथल्या पोरांना विचारलं, कोण कोण येतंय? एक म्हणाला, सुट्टी नाही. दुसरा म्हणाला, घर बदलतोय. तिसरा म्हणाला, "इट्स ओन्ली अ नेम, ग्रानिया." तेव्हापासून ती माझ्या स्वयंपाकघरात येरझारा घालतेय, आणि खरं सांगू का दादा, तिच्यामागोमाग मीही. काल भाजीत दोनदा मीठ घातलं. वीस डबे पुन्हा करावे लागले नाहीत एवढंच, पण फोन आले.

आता उठते. कुकर बोलावतोय.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

दादा, मंगळवारी लिहिलेलं वाचून बघितलं. निखिलचं राहिलंच.

तुझे काल दोन फोन आले, मी घेतले नाहीत. डब्यांची वेळ होती हे खरं, पण वेळ नसती तरी घेतले नसते. तू विचारणार, तिकीट काढलं का, आणि मला फोनवर उत्तर द्यायचं नाहीये.

ग्रानिया आज दुपारी गेली. शाळा अर्धा दिवस असते शुक्रवारी, तशीच तिथून परस्पर विमानतळावर. उद्या सभा, परवा परत, सोमवारी पुन्हा फळ्यासमोर. एक हात वर करायला एवढा प्रवास. तिकिटाचा आकडा तिनं दिरहममध्ये सांगितला, मी सवयीनं रुपयांत केला आणि खुर्चीत बसले. निखिलचे बाबा म्हणाले, "ही मुलगी वेडी आहे." मी म्हटलं, "असू दे. घरात एक तरी वेडं असावं." ते परत हिशेबाकडे वळले.

जाण्याआधी ती मला एक पुस्तक देऊन गेली. क्लबच्या शंभर वर्षांची स्मरणिका. गावच्या हेडमास्तरांनी लिहिलेली, आपल्याकडे लिहितात तशीच. आधी मान्यवरांचे संदेश, मग अध्यक्षांचं मनोगत, मग फोटो आणि फोटोत मागच्या रांगेत कोण आणि बसलेले कोण. मी आज दिवसभर कामाच्या मधे मधे वाचतेय. एका जागी बसून वाचवत नाही. दोन पानं झाली की गॅलरीत जाते, परत येते.

ग्रानियानं १९८७ सालच्या पानात कागद घालून ठेवलाय. त्या सुमारास तिथे फार वाईट दिवस होते. काम नाही. पोरं लंडनला, बोस्टनला निघून गेली. १९८७ ला गावात खेळण्याजोगे पुरुष उरले सात. संघ उभा राहिना. पण टॅन्सीबाईची अट होती ना, वर्षाला एक सामना. नाही झाला तर मैदान गेलं. आणि बाईचा नातू टपूनच बसला होता, त्याला तिथे घरं बांधायची होती.

स्मरणिकेत त्या वर्षाबद्दल काय छापलंय, तुला तसंच सांगते. "या कठीण काळात क्लबला महिलांचे मोलाचे सहकार्य लाभले." संपलं. पुढच्या पानावर थेट १९८९ आणि बाप्ये सगळे परत फोटोत.

मोलाचं सहकार्य म्हणजे काय ते मला कुणी सांगायला नको. इथल्या मंडळाच्या गणपतीत चारशे माणसांचा महाप्रसाद मी रांधते आणि आभारप्रदर्शनात मला दर वर्षी हेच लाभतं. मला वाटलं, चहा केला असेल बिचाऱ्यांनी.

चहा नाही, दादा. त्या खेळल्या.

लोकांना वाटलं गंमत चाललीय. पण कागदावर कुठेही लिहिलेलं नव्हतं की सामना पुरुषांनीच खेळायचा. टॅन्सीबाईनं नुसतं "क्लबच्या नावानं" असं लिहिलं होतं. तेव्हा गावातल्या बायांनी ठरवलं की आपण उतरू. कुणी शाळेतली पोर, कुणी दोन लेकरांची आई. पोस्टातली बाई गोलरक्षक म्हणून उभी राहिली. कुणी भावाचे बूट घातले, बोटांच्या जागी वर्तमानपत्र कोंबून. तरी बाराच जमल्या. तीन कमी.

त्या तीन कुठून आल्या सांगू? ड्रमलाराहून. क्लूनफाराच्याच लेकी, लग्न होऊन ड्रमलारात दिलेल्या. त्या परत आल्या आणि माहेराकडून खेळल्या. त्यातली एक ग्रानियाची मावशी, नोरा. आणि समोर खेळायला कुठला संघ मिळाला असेल? ड्रमलाराच्याच बायका. म्हणजे नोराच्या समोर कोण, तर तिची सख्खी नणंद. ग्रानिया सांगत होती, त्या दिवशी आख्खी दोन्ही गावं मैदानाच्या कडेला उभी होती आणि चेंडूकडे कुणी बघत नव्हतं. नणंदेनं नोराला खांदा मारून चिखलात पाडलं. नोरा उठली आणि पुढच्या वेळी तिनं नणंदेला पाडलं. दोघी संध्याकाळी एकाच घरी गेल्या आणि एकाच मोरीत पाय धुतले. नोराचा नवरा दोन दिवस फुगून होता. सासू मात्र म्हणाली म्हणे, "खेळली चांगली."

क्लूनफारा हरलं. पण सामना झाला. मैदान राहिलं. पुढच्या वर्षी पुन्हा खेळल्या, पुन्हा राहिलं. मग बोस्टनहून काही पोरं परतली आणि स्मरणिकेतला फोटो निघाला.

हे वाचल्यापासून मला बसवत नाहीये, दादा. का बसवत नाही ते मला कळतंय. तुला लिहायचं धैर्य अजून होत नाही. नुसतं एवढं विचारते. तुझी पर्णिका लग्न होऊन कोल्हापुरात आहे. घाट उतरला की आपलं वेळशेत. अंगानं दणकट, कॉलेजात कबड्डी खेळलेली. गावकीत उभं राहून नाव सांगायची वेळ आली तेव्हा समुद्रापलीकडचा भाचा तुला आठवला. ज्याला वेळशेतच्या देवळाच्या पायऱ्या किती तेही माहीत नाही तो. पोटची पोर आठवली नाही. तू वाईट माणूस नाहीस. तुला खरोखरच आठवली नाही, हेच मला लागलं.

उद्या निखिल येणार आहे रास अल खैमाहून. त्याच्या फॅक्टरीत नवीन भट्टी बसतेय, दोन आठवडे घरी आला नव्हता. उद्या त्याच्याशी बोलते आणि मग तुला लिहिते. आता खरंच लिहिते.

सोमवार, १० फेब्रुवारी

दादा,

उद्या सकाळी मुझम्मिल निघतोय. आज लिहून संपवलंच पाहिजे. सकाळपासून तो तीनदा विचारून गेला, "मावशी, चिठ्ठी झाली काय?" तिसऱ्यांदा म्हणाला, "एवढा काय लिवताव? भावाक की कोर्टाक?" मी म्हटलं, दोन्ही एकच समज.

आधी ग्रानियाचं. काल संध्याकाळी ती आली, बॅग दाराशी टाकली आणि माझ्या गळ्यात पडून रडली. क्लूनफाराचा पुरुषांचा संघ गेला. यंदापासून ड्रमलाराबरोबर एकत्र, दोन्ही गावांची नावं जोडून. मतं घेतली आणि दोन हातांनी गेला. इथली दोन पोरं गेली असती तरी बरोबरी झाली असती. तिनं ते मुकाट्यानं सांगितलं. शिव्या दिल्या नाहीत, म्हणून मला जास्त वाईट वाटलं.

पण मग दुसरा ठराव आला. गावात आता बायकांचाही संघ आहे, तोही विलीन करायचा. कमिटीला वाटलं हे आता आपोआप होईल. अध्यक्ष म्हणाले, विरोध असेल तर फक्त क्लूनफाराच्या लोकांनी हात वर करावा. तेव्हा मागच्या बाकावरून एक हात वर आला. नोरा मावशी. साठी उलटलेली, चाळीस वर्षं होत आली ड्रमलारात नांदतेय. अध्यक्ष म्हणाले, "नोरा, तू ड्रमलाराची आहेस." ती म्हणाली, "मग एकोणीसशे सत्त्याऐंशी साली मी कुठली होते?" ग्रानिया म्हणाली, टोप्या हातात घेऊन बसलेले म्हातारे नुसते जमिनीकडे बघत होते. अध्यक्षांनी तो हात मोजला आणि त्या एका हातानं ठराव पडला. बायकांचा संघ क्लूनफाराच्याच नावानं राहिला. मैदानावर यंदाचा सामना त्या खेळतील.

आता माझं.

शनिवारी निखिल आला. जेवण झाल्यावर मी त्याला सगळं सांगितलं, पालखी, खांदा, गावकी, मामानं दिलेला शब्द. त्यानं नीट ऐकून घेतलं. तो वाईट मुलगा नाही, तुलाही माहीत आहे. म्हणाला, "आई, आय डोन्ट इव्हन नो व्हिच शोल्डर. मी तिथे चुकलो तर मामाचं नाक कापलं जाईल." मग म्हणाला, "बट इफ इट मॅटर्स टू यू, आय विल कम. तू सांगितलंस तर येतो. यल्ला, बुक कर."

मी सांगितलं, नको.

हे तुला सांगायचं मी शनिवारपासून टाळतेय. निखिल यायला तयार होता. तू शब्द दिला होतास आणि तो पाळला गेला असता. त्याला मी अडवलं. मी एकटीनं. त्याच्या बाबांना विचारलं नाही, तुला विचारलं नाही. निखिलनं माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "देन हू विल गो?" मी त्याला जे सांगितलं तेच आता तुला सांगते.

मी येते.

रागावू नकोस असं म्हणत नाही. रागाव. पण आधी हे वाच.

तू चौदाचा होतास आणि आबांनी सांगितलं होतं की पुढल्या शिमग्याला तुझा खांदा लागेल. तू घाबरला होतास. कुणाला सांगितलं नाहीस, मला सांगितलंस. मागच्या पडवीत आपण भाताच्या गोणीला बांबू बांधला. तू पुढे, मी मागे. महिनाभर रोज शाळेतून आल्यावर. ढोल वाजला की गुडघे कसे सोडायचे, वळताना पुढच्यानं अर्धं पाऊल का थांबायचं, दांडा उतरवताना मान कशी वाचवायची, हे तू आबांकडून ऐकून यायचास आणि आपण दोघं करून बघायचो. माझा खांदा सोलून निघाला होता. आईनं हळद लावली आणि विचारलं तर मी सांगितलं, चिंचेवरून पडले. मग शिमगा आला. तू पालखीखाली गेलास आणि मला ओटीचं ताट हातात देऊन बायकांत उभं केलं. तू इतका सुंदर नाचवलीस त्या वर्षी की आबांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझेही पाय तिथे उभ्या उभ्या हलत होते. वहिनीच्या आईनं, तेव्हा ती आपली नुसती गावातली काकू होती, मला चिमटा काढला होता.

मला तेव्हाही खांदा द्यायचा होता, दादा. आजही द्यायचा आहे. तुझ्या मानासाठी नाही, आबांच्या नावासाठीसुद्धा नाही. मलाच हवाय. छप्पन वर्षांची बाई असलं काही मागते याची लाज वाटेल असं वाटलं होतं. लिहून झालं, नाही वाटली.

तू म्हणशील, तू परक्या घरची. मग निखिल कुठल्या घरचा? तो माझ्यामुळे तुझा भाचा आहे. माझ्या पोटातून गेलेलं नातं गावकीला चालतं आणि मी चालत नाही, हे मला कुणीतरी समजावून सांगा. सभेत सांगा, मी ऐकेन. गावकीच्या नियमात "घरचा खांदा" एवढंच आहे, हे तूच मला फोनवर सांगितलंस. घरच्या पुरुषाचा, असं कुणी म्हटलेलं तुला आठवतंय का? मला आठवत नाही. कुणी म्हटलंच नाही, कारण कुणाला म्हणायची गरज पडली नाही.

आणि म्हणशील, वय. मी रोज पहाटे चाळीस किलोचं पातेलं उचलते. तुझा गुडघा बदललाय, माझे दोन्ही जुनेच आहेत आणि चालू आहेत. वजनाची काळजी तू करू नकोस. वरच्या आळीतले हसतील ती काळजी असेल तर मला माहीत आहे, तुला ती आहे. तुझं मन मला इथून दिसतं. सगळ्या गावासमोर तुझी धाकटी बहीण साडीचा काष्टा मारून दांड्याखाली जाणार आणि तू काठी टेकून बाजूला उभा राहणार. तुला ते जड जाईल. दादा, मीही उभी राहिले होते बाजूला.

निखिलही येईल. खांद्याला नाही, बघायला. मी त्याला म्हटलं, एकदा बघून घे कुठला खांदा ते. पर्णिकाला मी आज फोन केला. ती म्हणाली, "आत्या, बाबांना हे तू सांगणार की मी?" मी म्हटलं, मी सांगते. मग म्हणाली, "मलाही शिकव." तेव्हा गोण आणि बांबू तयार ठेव. पडवी वहिनीनं झाडून ठेवू दे.

निखिलचे बाबा काय म्हणाले तेही सांगते, कारण तू विचारशीलच. चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि म्हणाले, "तुम्हा बहीणभावांच्या मधे मी पडत नाही. मार्चमधले डबे कोण बघणार तेवढं सांग." जहांआरा बघणार. तिला विचारलंय.

तिकीट काढलं आहे. होळीच्या आधी दोन दिवस मी वेळशेतला असेन. गावकीची सभा त्याच्या आदल्या रविवारी असते. तिथे तुला उठून उभं राहायचं आहे आणि सांगायचं आहे की भाचा येत नाही, बहीण येते. माझ्यासाठी एवढं कर. मी स्वतः सांगू शकते, मला कुणाचं भय नाही. पण मी सांगितलं तर ते भांडण होईल, आणि तू सांगितलंस तर तो आपल्या घराचा शब्द होईल. ते नाही म्हणाले तर पालखी उठायच्या वेळी मला सगळ्यांसमोर नाही म्हणू देत. मी तिथे असेन.

आणि तूच नाही म्हणालास तर? ते होऊ देऊ नकोस, एवढंच मागते. फोन करू नकोस, भांडशील. मुझम्मिलजवळ काय ते सांग, तो मला कळवेल.

वहिनीला नमस्कार. गुडघ्याला जप.

तुझी बहीण, आणि यंदा तुझ्या घरचा खांदा,
कमलिनी